‘नसांची तपासणी’ पॅकेज: ठाणे-नवी मुंबईत काय घ्यावं, काय सोडावं

मराठीत ‘नस’ हा एकच शब्द तीन गोष्टींना चालतो. मानेची नस दबली म्हणजे मज्जातंतू. हृदयाच्या दोन नसा ब्लॉक म्हणजे धमन्या. आणि सलाईन लावताना सिस्टर ‘नस सापडत नाहीये’ म्हणते तेव्हा ती शीर. त्यामुळे नौपाडा-पाचपाखाडीत, घोडबंदर रोडला किंवा खाडीपलीकडे वाशी-नेरुळला एखाद्या डायबेटीस किंवा हार्ट क्लिनिकच्या पत्रकावर ‘नसांची संपूर्ण तपासणी’ असं वाचलं, तर आत नेमकं काय मोजणार याचा पत्ता लागत नाही. गंमत म्हणजे या पॅकेजात मज्जातंतू आणि धमन्या दोन्ही खरंच मोजतात. पण रिपोर्टात दोन्ही वेगवेगळ्या पानांवर येतात, आणि ती पानं एकमेकांशी काय बोलतात ते कुणी वाचून दाखवत नाही. पैसे वसूल होतात ते नेमके तिथे.

पॅकेजात साधारण पाच गोष्टी असतात. नावं ठिकाणागणिक बदलतात. बोटाला चिमटा लावून पाच मिनिटांत काढलेला ‘स्ट्रेस स्कोअर’ आणि ‘धमन्यांचं वय’. दोन दंड आणि दोन घोटे अशा चार ठिकाणी कफ बांधून मोजलेला नाडीलहरीचा वेग, आणि त्याच फेरीत निघणारं घोटा-दंड बीपीचं गुणोत्तर, म्हणजे एबीआय. श्वास, उभं राहणं, फुंकर आणि मूठ यांवरून केलेली स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप चालणाऱ्या, मज्जासंस्थेची चाचणी. २४ तासांचं बीपी. शिवाय मानेच्या धमन्यांची सोनोग्राफी.

घाईत असाल तर निकाल इथेच घ्या. २४ तासांचं बीपी घेण्यासारखं. डायबेटीस असेल तर श्वास-उभं राहण्याची चाचणी घ्याच. चार कफांची तपासणी नीट तयारी करवून घेत असतील तरच. मानेची सोनोग्राफी डॉक्टरांनी कारण सांगितलं तर. बोटाच्या चिमट्यासाठी वेगळा रुपयाही देऊ नका.

भिंत आणि तिची वायरिंग

धमनीची भिंत तीन पदरी असते. आतला पदर रक्ताला लागून असलेल्या पेशींचा एकेरी थर, एंडोथेलियम. मधल्या पदरात अनैच्छिक स्नायू आणि इलास्टिन या लवचीक प्रथिनाचे पापुद्रे. बाहेरच्या पदरात कोलॅजन हे चिवट प्रथिन, खुद्द भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला जोर देणाऱ्या, मज्जातंतूंचं जाळं. हे तंतू मधल्या पदराच्या वेशीपर्यंत येतात, सहसा आत शिरत नाहीत. तिथून ते नॉरॲड्रेनलिन हे रसायन सोडतात आणि स्नायू आवळला जातो. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी १८५१-५२ च्या सुमारास सशाच्या मानेतला सिंपथेटिक मज्जातंतू कापला, तर त्या बाजूचा कान गरम झाला: आवळणारा हात निघाला, रक्त वाढलं. तो हात नॉरॲड्रेनलिनचा आहे, हे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं.

आतल्या पदराला असा तंतू नसतो. रक्ताचं घर्षण जाणवलं की तो नायट्रिक ऑक्साइड सोडतो आणि शेजारचा स्नायू सैल पडतो. या शोधासाठी १९९८ चं नोबेल तिघांना मिळालं. म्हणजे बाहेरून मज्जातंतू आवळतो, आतून एंडोथेलियम सोडतं, आणि कोणत्याही क्षणी धमनी किती ताणलेली आहे हे या रस्सीखेचीवर ठरतं.

तासाभराच्या चिडचिडीने भिंतीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आवळणं वर्षानुवर्षं चालू राहिलं की. नॉरॲड्रेनलिन स्नायूपेशींना वाढीचा इशाराही देतं. मधला पदर जाड होतो, कोलॅजन साचतं. इलास्टिन शरीर बहुतेक वाढत्या वयातच बनवून ठेवतं, पुढे ते झिजलं की तितक्या दर्जाचं नवीन येत नाही. शिवाय ताणाचा दुसरा रस्ता सूजेचा आहे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २९३ जणांच्या पेट स्कॅनचा अभ्यास आला. मेंदूतल्या अमिग्डला या भीती-धास्तीच्या केंद्राची हालचाल ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात अस्थिमज्जाही जास्त चेतलेली, धमन्यांची भिंतही जास्त सुजलेली, आणि पुढच्या काही वर्षांत हार्ट अटॅक-पक्षाघातासारख्या घटनाही जास्त. २०२२ मध्ये ‘नेचर’मधल्या एका कामात उंदरांच्या धमन्यांबाहेर, जिथे मेदाचा थर आतून साचला होता नेमक्या त्याच जागी, मज्जातंतूंचं जाळं दाट झालेलं आणि मेंदूपर्यंत जाऊन परत येणारं पूर्ण मंडळ सापडलं. पोटातल्या मज्जातंतूंच्या एका गाठीतून येणारी ही जोडणी तोडल्यावर रोगाची वाढ मंदावली. उंदरांतलं काम आहे, त्यावरून माणसाला गोळी किंवा सुई लिहून देण्याची वेळ आलेली नाही. मात्र धमनीचा मेद हा निव्वळ नळीत साचलेला गाळ नाही, भिंतीबाहेरची वायरिंगही त्यात सामील आहे, इतकं त्यातून कळतं.

मग मज्जातंतू गप्प झाले तर धमनी सुखी? तसंही नाही. जुन्या काळी पायाचा रक्तपुरवठा सुधारायला कमरेतल्या सिंपथेटिक गाठी काढून टाकत. अशा रुग्णांच्या पायांच्या धमन्यांत मधल्या पदरात चुना साचलेला आढळला, डायबेटीस नसलेल्यांतही. डायबेटीसमध्ये हे तंतू आपोआप मरतात, आणि तिथेही हाच चुना दिसतो. त्याला मोंकेबर्गचा काठिण्यविकार म्हणतात: नळी बंद होत नाही, पण पाइपासारखी ताठ होते. तेव्हा तंतू फार बोलके झाले तरी भिंतीचं नुकसान, मुके झाले तरी नुकसान. हे डोक्यात ठेवून पुढचे आकडे वाचावे लागतात.

आणखी एक कडी. मानेत जिथे मुख्य धमनीला फाटा फुटतो तिथे, आणि महाधमनीच्या कमानीत, भिंत किती ताणली जाते ते मोजणारे तंतू असतात. मानेकडचा निरोप मेंदूच्या नवव्या मज्जातंतूतून जातो, कमानीकडचा दहाव्या, म्हणजे व्हेगसमधून. बीपी वाढलं, भिंत ताणली गेली, निरोप गेला, ब्रेक लागला. या यंत्रणेवरच्या कामात मोठा वाटा असलेल्या कॉर्नील हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं. आता भिंतच ताठ असेल तर ती ताणली जात नाही, निरोप क्षीण जातो, ब्रेक ढिला लागतो आणि सिंपथेटिक चालूच राहते. ताठ भिंत मज्जासंस्थेला बिघडवते आणि बिघडलेली मज्जासंस्था भिंतीला.

श्वास, उभं राहणं, फुंकर, मूठ

पॅकेजातला हा भाग दिसायला सगळ्यात साधा, पण डायबेटीसवाल्यांसाठी सगळ्यात कामाचा. एडिंबरोच्या यूइंग आणि क्लार्क यांनी बसवलेली ही पद्धत अजूनही चालते. टाइप-२ डायबेटीस असेल तर निदानाच्या वेळीच आणि टाइप-१ असेल तर पाच वर्षांनंतर सुरुवात करून दरवर्षी या तंतूंची चौकशी करावी, अशी शिफारस आहे.

पहिली चाचणी श्वासाची. आडवं पडून ईसीजी चालू, पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, मिनिटात सहा. प्रत्येक श्वासात ठोक्यांचा सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग काढून फरकांची सरासरी घेतात. मिनिटाला १५ किंवा जास्त ठोक्यांचा फरक ठीक, १० किंवा कमी बिघडलेला, मधलं काठावरचं. इथे घोटाळा हमखास होतो. टेक्निशियन ‘घ्या... सोडा...’ स्वतःच्या लयीत म्हणतो आणि मिनिटात नऊ-दहा श्वास होतात. श्वास जलद झाला की फरक आपोआप कमी दिसतो आणि चांगल्या माणसाच्या रिपोर्टावर ‘न्यूरोपथी’, म्हणजे मज्जातंतूंची इजा, असं छापून येतं. उलट, मध्ये एखादा जादा ठोका पडला तर फरक फुगतो. घड्याळ किंवा स्क्रीनवरची पट्टी बघून श्वास घ्यायला सांगत नसतील तर तसं मागा, आणि ईसीजीची पट्टी रिपोर्टाला जोडून घ्या. साठीपुढे हा फरक वयानेच घटतो, त्यामुळे सत्तरीतल्या आजोबांना १५ चा निकष लावणारा रिपोर्ट गंभीरपणे घेऊ नये.

दुसरी, उभं राहण्याची. झोपल्यावरून झटकन उठायचं. उठल्यानंतरच्या तिसाव्या ठोक्याजवळचं अंतर भागिले पंधराव्या ठोक्याजवळचं अंतर, १.०४ किंवा जास्त आलं तर ठीक. गुडघेदुखीवाल्या काकूंना दोघांनी धरून सावकाश उभं केलं तर या गुणोत्तराला काही अर्थ उरत नाही. अशा वेळी बीपीवर भर द्यावा: उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर धमन्यांना आवळणारा सिंपथेटिक तंतू वेळेवर काम करत नाहीये, किंवा अंगात पाणी कमी आहे, किंवा प्रोस्टेटची-बीपीची एखादी गोळी आड येते आहे. मे महिन्यात ठाण्याच्या घामट हवेत उपाशीपोटी आलेल्या माणसाच्या बाबतीत आधी पाण्याचा विचार करावा.

फुंकरीच्या चाचणीत नळीत फुंकून ४० मि.मी. पाऱ्याचा दाब १५ सेकंद धरायचा; ठोक्यांमधल्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड अंतराचं गुणोत्तर १.२१ किंवा जास्त ठीक. नळीला बारीक गळती ठेवलेली असते, नाहीतर माणूस छातीऐवजी गालांनी दाब धरतो. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल, लेसर चालू असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर ही चाचणी करू नये. हा प्रश्न टेक्निशियनने स्वतःहून विचारला तर ते केंद्र बरं समजावं. मुठीच्या चाचणीत आपल्या कमाल ताकदीच्या ३० टक्के जोर पाच मिनिटांपर्यंत धरायचा, खालचं बीपी १६ ने तरी वाढायला हवं. लोक जोर लावताना श्वास रोखतात आणि आकडा बिघडतो. बोलत राहायला सांगणं हा त्यावर सोपा उपाय.

सहसा श्वासाची चाचणी आधी बिघडते, कारण व्हेगसचे लांब तंतू आधी मार खातात. उभं राहिल्यावर बीपी पडणं ही पुढची पायरी. ती आली असेल तर चार कफांचं पान उघडून एबीआय बघा.

चार कफांचं पान

एबीआय ०.९ किंवा कमी म्हणजे पायाच्या धमनीत अडथळा. १.४ च्या वर म्हणजे मात्र ‘उत्तम’ नव्हे. घोट्याची धमनी चुन्याने इतकी ताठ की कफ तिला दाबू शकत नाही. आणि इथेच दोन पानं जोडावी लागतात. श्वासाची चाचणी बिघडलेली, तळपायाला मुंग्या, आणि एबीआय १.१, म्हणजे रिपोर्टावर हिरवी खूण. असं असेल तर हिरव्या खुणेवर विसंबू नये, कारण आतला अडथळा आकडा खाली ओढतो, भिंतीतला चुना वर ढकलतो, आणि दोन चुका मिळून ‘नॉर्मल’ तयार होतं. अशा वेळी अंगठ्याचं बीपी मागावं. बोटांच्या धमन्यांत चुना कमी साचतो. अंगठा-दंड गुणोत्तर ०.७ च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी आहे.

नाडीलहरीच्या वेगाचं गणित साधं: अंतर भागिले वेळ. भिंत ताठ तितकी लहर जलद. पण आकडा वाचताना कुठून कुठे मोजलं ते बघा. मान ते जांघ असा वेग असेल तर १० मीटर प्रतिसेकंद ही धोक्याची रेषा. दंड ते घोटा असेल तर आकडा सेंटिमीटरमध्ये येतो आणि रेषा १४०० च्या आसपास धरतात, म्हणजे १४ मीटर. कुणी दंड-घोट्याच्या १३५० ला मान-जांघेची १० ची रेषा लावली की धडधाकट माणूस घाबरून घरी जातो. शिवाय चार कफांचं यंत्र अंतर टेपने मोजत नाही, उंचीवरून काढतं. नोंदणीच्या टेबलावर १५८ चे १६८ झाले तर वेगही तितका वाढला.

याहून मोठी अडचण मज्जासंस्थेची. बीपी वाढलेलं असताना हीच भिंत ताठ मोजली जाते. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने येऊन, ठाणे स्टेशनचा पूल चढून, रिक्षाच्या रांगेत भांडून माणूस थेट बेडवर आडवा झाला की सिंपथेटिक जोरात असते, वरचं बीपी १५८ असतं, आणि यंत्र इमानदारीने तिशीतल्या पोराला पन्नाशीच्या धमन्या बहाल करतं. म्हणून त्याच पानावर छापलेलं बीपी आधी वाचावं. ते नेहमीपेक्षा बरंच वर असेल तर वेगाचा आकडा बाद समजा.

तयारी अशी हवी. निदान तीन तास आधी खाणं, चहा, कॉफी, धूम्रपान नाही. चहा-कॉफी आदल्या रात्रीपासून टाळली तर आणखी बरं. मामलेदारची मिसळ तपासणीनंतर. तंबाखूबद्दल विचारताना बहुतेक फॉर्मवर फक्त ‘धूम्रपान’ लिहिलेलं असतं. बार चघळणारे काका ‘नाही’ लिहितात, सकाळी मशेरी लावून आलेल्या मावशीही ‘नाही’ म्हणतात. दोघांच्याही अंगात निकोटीन असतं, आणि निकोटीन सिंपथेटिक टोकांतून नॉरॲड्रेनलिन सोडवून घेतं. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलेफ्रिनही धमन्या आवळतं, तेही सांगा. लघवी करून या. भरलेलं मूत्राशय बीपी वाढवतं. मग शांत खोलीत १० मिनिटं आडवं, मोबाइल बाहेर, बोलणं बंद. खोली गार पण कुडकुडायला लावणारी नको. घामाने भिजून एसीत शिरलं की कातडीच्या धमन्या आवळतात. मापन दोनदा, आणि मान-जांघेच्या मोजणीत दोन आकड्यांत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. ‘पाच मिनिटांत होईल, चप्पल राहू द्या’ म्हणणाऱ्याकडे ही तपासणी करू नये.

२४ तासांचं बीपी

या पॅकेजात धमनी आणि मज्जासंस्था यांचा संसार खरोखर दिसतो तो इथेच. निरोगी झोपेत सिंपथेटिक माघार घेते, व्हेगस पुढे येते आणि बीपी दिवसाच्या मानाने १० ते २० टक्क्यांनी उतरतं. भिंतीला मिळणारी हीच विश्रांती. ती न मिळणाऱ्यांत झोपेतला श्वासरोध, मूत्रपिंडाचा आजार, डायबेटीसमधली न्यूरोपथी आणि निव्वळ मोडलेली झोप हे नेहमीचे गुन्हेगार. घोरताना श्वास अडकला, ऑक्सिजन उतरला की मानेतला ऑक्सिजन जोखणारा संवेदक सिंपथेटिकला झटका देतो; रात्रभर असे झटके बसले की बीपी उतरणार कसं.

मर्यादा अशा: २४ तासांची सरासरी १३०/८०, दिवसाची १३५/८५, रात्रीची १२०/७०. क्लिनिकमधली १४०/९० ची रेषा इथे लावू नये. यंत्र दिवसा १५ ते ३० मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने फुगतं. ७० टक्के नोंदी वैध हव्यात, दिवसाच्या किमान २० आणि रात्रीच्या ७. यापेक्षा कमी असतील तर पुन्हा करून द्यायला सांगावं, आणि हे पैसे भरण्यापूर्वीच ठरवून घ्यावं.

कफ दंडाच्या घेराप्रमाणे. नेहमीचा २२ ते ३२ सेंटिमीटरला चालतो. त्याहून जाड दंडाला तोच करकचून बांधला तर बीपी खोटं वाढतं. टेपने घेर न मोजता कफ गुंडाळला जात असेल तर हात मागे घ्या. बांधण्याआधी दोन्ही हातांचं बीपी बघावं. १० हून जास्त फरक असेल तर जास्त असलेला हात, नाहीतर ज्याने लिहीत नाही तो.

मग खरी परीक्षा, म्हणजे दिवसभर माणसासारखं वागायचं. कफ फुगायला लागला की थांबून हात सैल सोडायचा. लोकलमध्ये वरची कडी धरलेल्या हाताला कफ असेल तर आकडा खोटा उतरतो: हृदयाच्या पातळीपासून दर १० सेंटिमीटर वर गेलं की साडेसात मि.मी.च्या आसपास कमी. स्कूटरवर तर नोंद होतच नाही, यंत्र पुन्हा पुन्हा फुगत राहतं आणि घोडबंदरच्या सिग्नलला माणूस वैतागतो. त्या दिवशी दुचाकी घरी ठेवावी. आंघोळ यंत्र बांधण्याआधी.

वेळापत्रकाची चूक मात्र केंद्राची असते आणि फार नुकसान करते. यंत्रात ‘रात्र’ १० ते ६ अशी तयार असते. ऐरोली-महापेच्या कंपनीत रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणाऱ्या मुलीचा रिपोर्ट याच वेळांवर काढला तर तिचं बीपी ‘रात्री उतरत नाही’ असंच येणार. झोपण्या-उठण्याची खरी वेळ, दुपारची वामकुक्षी आणि गोळीची वेळ डायरीत लिहून द्या, आणि रिपोर्ट त्या वेळांवर काढला का ते पहिल्या पानावर तपासा. दुपारी तासभर डुलकी काढून ती लिहिली नाही, तर दिवसाची सरासरी खाली येते आणि रात्रीची घसरण लहान दिसते.

दिवस नेहमीचा निवडावा. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात कफ बांधून फिरू नये, स्वतः थरात नसलात तरी. रात्रीच्या रस्त्याच्या आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपकरता २०१८ मध्ये सुचवलेली मर्यादा ४५ डेसिबल आहे. हायवेकडे खिडकी असलेल्या बेडरूममध्ये ती पाळली जाण्याची आशा करू नका. पण तुम्ही रोज तिथेच झोपत असाल तर तपासणीच्या रात्रीही तिथेच झोपा. मागच्या शांत खोलीत जाऊन मिळवलेला चांगला आकडा कुणाचा, हा प्रश्न उरतो.

चिमटा, घड्याळ आणि मान

बोटाचा चिमटा नाडीच्या लहरीचा आकार बघून ‘धमन्यांचं वय ५२’ असं छापतो. बोट गार असेल तर तेवढ्यानेच आकार बदलतो. त्याच चिमट्यातून ठोक्यांमधली चढउतार काढून ‘सिंपथेटिक ७० टक्के, पॅरासिंपथेटिक ३०’ (म्हणजे व्हेगसची बाजू) असा तराजू काढतात. तराजू सुबक असतो, पण ज्या कमी वारंवारतेच्या लहरीला तो सिंपथेटिक म्हणतो ती निव्वळ सिंपथेटिकची नसते, बऱ्याच अंशी त्या बीपीच्या ब्रेकची असते. हळू श्वास घेतला तरी काटा हलतो. ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची अनियमितता) किंवा पेसमेकर असेल तर आकडा वाचूच नये. आणि मुळात हे हृदयाकडे जाणाऱ्या तंतूंचं मोजमाप आहे. धमनीच्या भिंतीकडे जाणारा तंतू यातलं कोणतंच यंत्र मोजत नाही. त्यासाठी गुडघ्याजवळच्या मज्जातंतूत टंगस्टनची बारीक सुई घालून त्याचे संदेश ऐकावे लागतात, आणि ते संशोधनशाळेतलं काम आहे. घड्याळातल्या ठोक्यांच्या चढउताराच्या आकड्याचंही तेच: ॲपल एका सूत्राने मोजतं, फिटबिट दुसऱ्याने. नवरा-बायकोने आपापल्या घड्याळांची तुलना करून भांडू नये.

मानेच्या सोनोग्राफीत भिंतीची जाडी ०.९ मि.मी. आली म्हणून घाबरवणारे भेटतात. निव्वळ जाडी नेमाने मोजून धोका ठरवू नये, असं अमेरिकी हृदयसंस्थांनी २०१३ मध्येच सांगितलं. मेदाचा उंचवटा आहे का आणि रक्ताचा वेग कुठे वाढलाय, हे दोन प्रश्न विचारा, बाकी सोडून द्या.

रिपोर्ट हातात आल्यावर दुसऱ्या टेबलावर बोलावणं येतं. कानाला लावायचा व्हेगसचा चिमटा, ‘नसा साफ करणारी’ सलाईन, काढा. सलाईनबद्दल सांगायचं तर डायबेटीस आणि आधी हार्ट अटॅक आलेल्यांवर झालेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला, फायदा दिसला नाही. मूत्रपिंडाच्या धमनीभोवतालचे तंतू जाळण्याचा उपचार खरा आहे, अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली, पण तो औषधांना न जुमानणाऱ्या बीपीसाठी आणि कॅथलॅबमध्ये. तपासणी केंद्राच्या टेबलावर त्याची चर्चा व्हायचं कारण नाही. फुकटातला एक उपाय मात्र त्याच खोलीत शिकायला मिळतो: मिनिटात सहा श्वास. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’चा जप दोन्ही मोजून बघितले, तर दोन्हींत श्वास आपोआप सहावर येऊन बीपीचा ब्रेक जास्त चपळ झालेला आढळला. आजीच्या माळेला यंत्राची गरज कधी पडली नाही, पण तिने बीपीची गोळी बंद करू नये.

डायबेटीस नाही, बीपी नाही, वय तिशी, आणि ऑफिसातून पॅकेज फुकट मिळतंय म्हणून जात असाल, तर त्यापेक्षा दंडाला बांधायचं चांगलं बीपी यंत्र घरी आणा. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी, पहिला दिवस वगळून सरासरी, रेषा १३५/८५.

घेणारच असाल तर दर एकेका तपासणीचा वेगळा लिहून मागा. ‘पॅकेजमध्येच येतं’ या उत्तरात बहुधा चिमट्याचे पैसे दडलेले असतात. आणि निघताना चार पानांचा रंगीत सारांश असेल तर असू द्या, पण २४ तासांच्या सगळ्या नोंदींचा तक्ता, श्वासाच्या चाचणीची ईसीजी पट्टी आणि चार कफांच्या पानावरचं त्या क्षणीचं बीपी, हे तिन्ही कागद मागून घ्या. यंत्र परत करायला जाल तेव्हाच मागा, कारण पुढच्या पेशंटसाठी यंत्र तयार करताना जुन्या नोंदी पुसतात.